घटातले वाकडे मूग

माझ्या उखामामांनी आयुष्यभर कापडातल्या चुका शोधल्या. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये ते चेकर होते. काचेचं टेबल, त्याखाली ट्यूबलाइट, वरून सरकत जाणारं कापड आणि त्यावर वाकलेले मामा. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतली विरळ जागा, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. शेठ त्यांना फार मानायचे आणि कारागीर त्यांना शिव्या द्यायचे. इतकी वर्षं हेच काम केल्यावर माणूस घरी येऊन वेगळा कसा वागणार? मामा माणसांनाही उजेडासमोर धरूनच बघायचे.

लग्नात जेवायला बसताना ते एक चप्पल मांडवाच्या या दाराशी आणि दुसरी त्या दाराशी काढत, म्हणजे चोराला जोड मिळू नये. दोनदा ती त्यांना स्वतःलाही मिळाली नाही आणि ते भेस्तानला घरापर्यंत एका पायात चप्पल घालून आले. दूधवाल्याच्या दुधाचा थेंब ते फरशीवर सोडून तो किती लांब पळतो ते बघत. बँकेतून बोलतोय म्हणून कुणा भामट्याचा फोन आला की मात्र त्यांची कळी खुलायची. त्याला बोलण्यात गुंतवून शेवटी त्याच्याच गावाचं नाव काढून घेत. भागीरथीमामी म्हणायची, "ह्या मानूसनी लगीनमा माले बी उलटीपालटी करीसन देखं व्हतं."

मी त्यांची भाची, नूतन. त्यांच्या मागच्याच घरांच्या लाइनीत राहते आणि साड्यांना लेस लावायचं काम घरी आणते. आमच्याकडे अमळनेरकडे मामा भाचीच्या पाया पडतो, त्यामुळे मला मामांना तोंडावर बोलायची मुभा होती आणि मी ती पुरेपूर वापरत होते. तरी सांगते, मामा वाईट नव्हते. फक्त त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की आपणच काहीतरी लपवतोय असं आपल्याला वाटायला लागायचं.

मिल सोडल्यावर हात रिकामे राहीनात म्हणून त्यांनी भेस्तानच्या पुढे, एका बंद गोदामाच्या मागे, खाडीलगतची जमिनीची पट्टी खंडाने घेतली. अर्धी पट्टी त्यांनी मंदाबाईला दिली. दिली म्हणजे मामीने द्यायला लावली. मंदाबाई हिंगोलीकडची, नवरा किसन बमरोलीत लूमवर. बाई रापलेली, कमी बोलणारी, कामाला वाघीण. वांगी, भेंडी, वालाची पापडी लावायची आणि संध्याकाळी बमरोली रोडच्या भाजीबाजारात गोणपाट टाकून बसायची. तिच्या घरचा निम्मा संसार त्या गोणपाटावर चालायचा. मामांना तिच्यात खोट सापडत नव्हती आणि हीच गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त खुपत होती.

थंडीत उंधियूच्या भाजीसाठी अख्खं सुरत पापडीमागे धावतं, हे इथल्या प्रत्येक भाजीवाल्याला ठाऊक आहे. मामांनी यंदा आपल्या निम्म्या पट्टीत फक्त पापडी लावायची ठरवली. दरवर्षी ट्रॉलीवाल्याकडून शेणखत यायचं. तो त्यात राख मिसळतो, मिलचा गाळ मिसळतो, असा मामांना संशय होता. म्हणून यंदा ते स्वतः एका तबेल्यावर गेले. म्हशी बघितल्या, उकिरडा बघितला, काठीने आतपर्यंत टोचून बघितला. गोण्या डोळ्यांसमोर भरून घेतल्या, टेम्पोत त्या गोण्यांवर बसून आले आणि खत स्वतःच्या हाताने पसरलं. मंदाबाईने दोन टोपल्या मागितल्या तर म्हणाले, "ज्यानं त्यानं आपलं बघावं." तिने आपल्या अर्ध्यात पिशवीतला युरिया टाकला. मामांच्या उरलेल्या खताची एक गोणी घरी गॅलरीत आली, कारण शेतावर ठेवली तर कुणीतरी नेणार.

पापडी उगवली आणि वळायला लागली.

आधी शेंडा वाकला. मग पानं आतल्या बाजूला वळून द्रोणासारखी झाली, देठ पिळवटले, वेल वर चढायचंच विसरला. पाणी कमी म्हणून पाणी दिलं, जास्त झालं म्हणून तोडलं. बांधाला गंमत म्हणून टोचलेला मका मात्र ताठ, काळाभोर हिरवा. आणि मधला हातभर बांध ओलांडला की मंदाबाईची पापडी काठीला गुंडाळत कुठल्या कुठे गेलेली. मामा त्या बांधावर उकिडवे बसून एकदा इकडे बघत आणि एकदा तिकडे.

पहिला संशय मिलच्या पाण्यावर गेला, पण पाणी दोघांचं एकच होतं. मग बियाणेवाल्यावर. पण बी दोघांनी एकाच डब्यातून घेतलं होतं. शेवटी मामा चार पानं पिशवीत घालून औषधाच्या दुकानात गेले. दुकानातल्या पोराने पान उलटंसुलटं करून सांगितलं, "काका, हा रोग नाही. ही तणनाशकाची निशाणी आहे. कुणीतरी मारलंय."

ज्या माणसाने जन्मात कुणाच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्याने हे वाक्य तसंच्या तसं गिळलं. मला त्याचा अजून राग येतो. कापड तपासणारा, दूध तपासणारा माणूस, पण मनातलंच कुणी बोललं की तपासणी बंद.

कारण 'कुणीतरी' कोण हे मामांच्या लेखी ठरलेलं होतं. भादव्यात त्यांनी मंदाबाईच्या पाठीवर फवारणीचा पंप पाहिला होता. तिने सांगितलं की वांग्यावर मावा आला, लिंबोळीचं पाणी मारलं. मामांनी तो पंप जाऊन हुंगला. मला येऊन म्हणाले, "काहीच वास नही. वास नही म्हंजे धुयेल से. धुयेल से म्हंजे लपाडानं से."

"मामा, पंप धुवून ठेवतातच."

"तू भोळी से," मामा म्हणाले.

मी गप्प बसले नाही. मी विचारलं की तिला तुमची पापडी मारून काय मिळणार? मामांचं उत्तर तयार होतं: आपली पापडी गेली की बाजारात तिचीच राहील, आणि पुढल्या वर्षी कंटाळून आपण पट्टी सोडली की तीही तिलाच. ऐकताना हे इतकं बरोबर वाटायचं की क्षणभर मलाही मंदाबाईच्या कमी बोलण्यात काहीतरी दिसायला लागलं. संशय असाच लागतो, ओल्या भिंतीला टेकल्यासारखा. आपण उठतो तेव्हा कळतं की पाठ भिजली.

पितृपक्ष संपता संपता मामा भाजीबाजारात गेले. संध्याकाळची गर्दीची वेळ. मंदाबाईपुढे वांगी, भेंडी, गवार मांडलेली. तिच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांत गुजराती बायका होत्या, खोल्यांवर राहणारी यूपीची पोरं होती. मामा तिच्यासमोर उभे राहिले आणि हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून मुद्दाम हिंदीत. "ये औरत दवा मारती है. मेरा पूरा खेत जला दिया. इसका माल मत खाओ." मग मराठीत तिला सांगितलं की दसऱ्यानंतर पट्टीत पाय ठेवायचा नाही.

मंदाबाई म्हणाली, "भाऊ, मी तुमच्या वावराला हात बी लावला न्हाई." एकदाच म्हणाली. मामांना तेही खटकलं. खरं असतं तर भांडली नसती का?

त्या दिवसानंतर तिचं गोणपाट ओसाड पडलं. बाया तिच्यापर्यंत येऊन शेजारणीकडे वळायच्या. ज्या शेजारणी तिच्याकडून पाणी मागून प्यायच्या, त्यांनी आपली पोती थोडी थोडी लांब सरकवली. संध्याकाळी भरून नेलेल्या टोपल्या ती भरलेल्याच परत न्यायची. किसन एकदा मामांच्या दारात येऊन उभा राहिला. काही न बोलता बराच वेळ उभा राहून निघून गेला, आणि मामा म्हणाले, "देखं, तोंडमा शब्द नही."

नवरात्र आलं. मामी दरवर्षी घटाला शेतातली माती आणायची. यंदा मामांनी मनाई केली. त्या मातीत मंदाबाईचं औषध आहे, ती देवापुढे नको. मामीने मला सांगितलं, आणि मी आमच्या लाइनीमागे एका इमारतीच्या पायासाठी खोल खोदकाम चाललं होतं तिथली काळी माती टोपलीभर आणून दिली. मामीने ती चाळली, त्यात गॅलरीतल्या गोणीतलं खत दोन ओंजळी मिसळलं, गहू, ज्वारी, मूग, मठ म्हणजे मटकी, हरभरा पेरला, मधोमध घट ठेवला. आमच्याकडे घटातलं धान्य कसं येतं यावर घराचं वर्ष कसं जाणार ते बघतात. दाट, सरळ आलं की बायका हात जोडतात. विरळ आलं की कुणी तोंडाने बोलत नाही, पण नजरा बोलतात.

गहू-ज्वारी सुरेख आली, बोट बोट पिवळसर हिरवी. मूग आला तो मान मोडून. मठाचे शेंडे आकड्यासारखे वाकले, हरभऱ्याची पानं मुठीसारखी मिटलेली. पाचव्या माळेला आरतीला आलेल्या शेजारच्या उज्ज्वलाकाकूंनी घटाकडे पाहिलं, मग मामीकडे पाहिलं आणि प्रसाद न घेताच उठल्या. त्यानंतर मामांनी घटावर ओढणी टाकायला सांगितली आणि दाराला कडी लावून आरती व्हायला लागली.

"आठे बी पोहोचनी ती," मामा म्हणाले. मंदाबाई आमच्या घरापर्यंत पोहोचली म्हणे. करणी केली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर मामा मला म्हणाले, "नूतन, ती माटी तू कोठली आणी व्हती? संगे कोन व्हतं? टोपली कोनी?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. मामांनी ज्या भाचीच्या पाया पडायचं, तिला ते टेबलावरच्या कापडासारखे न्याहाळत होते. मी उठले. मामीने माझा हात धरून खाली बसवलं आणि मामांकडे वळली. मामीचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, त्या दिवशीही चढला नाही.

"पोरले बोल नको. माटी तिनी त्या खड्डामाईन आणी, तिले कोनीच हात लायेल नव्हता. मंदा ह्या घरमा उनी नही. मंग ह्या घटमा तिसरं काय से?"

मामांची नजर ओढणी टाकलेल्या घटाकडे गेली.

"भाजी खारट व्हयनी का मी शेजारीनले बोलस का? मी काय टाकं ते देखस. मी तुमनी गोनी टाकी. बस."

मामा हसले. गोणी? ती तर त्यांनी स्वतः भरून घेतली होती, त्यावर बसून आले होते. तिला परका हात लागलाच नव्हता. सगळ्या जगात खात्रीची एकच वस्तू होती आणि मामी तिच्यावर बोट ठेवत होती.

मामीने वाद घातला नाही. तिने आइस्क्रीमचे दोन रिकामे डबे घेतले. एकात मी आणलेली नुसती माती, दुसऱ्यात तीच माती आणि गोणीतलं खत. दोन्हींत एकाच मुठीतले मूग टाकले. मामांना वाटलं, आपल्याला खोटं पाडायला ही डब्यांत काहीतरी करेल. म्हणून त्यांनी दोन्ही डबे गॅलरीत ठेवले, गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. पाणीही स्वतःच घालायचे, दोन्हींना एकाच पेल्याने. इतका कडक पहारा सरकारी तिजोरीवर नसेल.

दसरा गेला. घट उठले, आणि दरवर्षी मामा टोपीत खोचतात तो तुरा यंदा मामीने कुणालाच दिला नाही. मंदाबाई पट्टीत यायची थांबली होती. तिची भेंडी झाडावरच जून होत होती. मी एकदा तोडून तिला नेऊन दिली, तर म्हणाली, "कामून आणली ताई? घेतंय कोण?"

मग एके सकाळी मामांनी मला बोलावलं. गॅलरीचं दार उघडं होतं. एका डब्यात मूग सरळ उभा, दोन दोन पानं पसरलेला. दुसऱ्यात सगळा वाकडा, शेंडे मातीकडे वळलेले. मामा खाली बसून दोन्हींकडे बघत होते. कुणी हात लावला म्हणावं तर किल्ली त्यांच्याच कमरेला होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं, आणि कुणावर नजर ठेवावी हे त्यांना सुचेना.

मी आणि मामा तबेल्यावर गेलो. तबेल्याचे काका म्हशी धूत होते. त्यांनी लपवालपवी काही केली नाही. म्हणाले, "बेन, आ वरसे तो घास एकदम चोखुं आव्युं." गवत यंदा एकदम स्वच्छ आलं, का तर ज्या चराऊ रानातून ते गवत घेतात तिथे गाजरगवत माजलं होतं. ते खाल्लं की दूध कडू होतं. म्हणून रानवाल्याने दवा मारली. कुठली ते काकांना माहीत नव्हतं. दवा अशी की गवताला धक्का नाही, रुंद पानाचं तेवढं मरतं. म्हशींना काही झालं नाही, दुधाला काही झालं नाही.

"आणि शेणाला?" मी विचारलं.

काकांनी पाइप खाली ठेवला. त्यांना तो प्रश्न नवा नव्हता, आमच्या आधी एक वांगीवाला येऊन भांडून गेला होता. त्यांनी सांगितलं की त्या रानवाल्याने एका तुकड्यातलं गवत मोडून तूर टाकली, तर तीही अशीच वळली. दवा मातीत बसते. गवतात चढते, म्हशीच्या पोटातून जाते आणि शेणातही तशीच राहते. "मकाई वावो, काका. जुवार वावो. बीजुं हमणां नहीं थाय." मका लावा, ज्वारी लावा, दुसरं आता होणार नाही. किती वर्षं, ते त्यांनाही सांगता येईना.

परत येताना आम्ही रिक्षा केली. भेस्तान आलं तेव्हा मामा म्हणाले, "तिनी दोन टोपल्या मांग्या व्हत्या." दिल्या असत्या तर तिचीही पापडी वळली असती, आणि मग तिच्यावर संशय घ्यायला जागा राहिली नसती. मामांच्या चिक्कूपणाने तिचं पीक वाचलं आणि वाचलेल्या पिकानेच तिला गुन्हेगार ठरवलं. मला वाटलं आता बोलावं, चांगलं सुनवावं. पण त्यांनी रिक्षावाल्याने दिलेले सुटे न मोजताच खिशात टाकले.

त्याच संध्याकाळी ते मंदाबाईच्या खोलीवर गेले. मी सोबत होते. किसन कामावर निघाला होता, तो दारातच थांबला. मामा उभ्यानेच बोलले, सगळं बोलले. तबेला, गवत, डबे. शेवटी म्हणाले, "पट्टी तुमचीच आहे. माझी अर्धीसुद्धा घ्या."

मंदाबाई म्हणाली, "तुमच्या अर्ध्यात काय उगवंल, भाऊ?"

मंदाबाईने दारातली भरलेली टोपली आत सरकवली.

"माझी मी करीन. पट्टीचं सोडा. तुम्ही बाजारात जे बोललात त्येचं काय? त्ये मी कुठून परत आणू?"

"मी आणीन," मामा म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते खरंच बाजारात बसायला लागले, मंदाबाईच्या गोणपाटाशेजारी. आधी त्यांनी उभं राहून हिंदीत सांगितलं की गलती मेरी थी, खाद में दवा थी, ये बाई का माल अच्छा है. काही लोक थांबले, ऐकलं, मान हलवली आणि शेजारणीकडे गेले. मग मामांनी दुसरा उपाय काढला. ते मंदाबाईच्या टोपलीतली कोवळी भेंडी उचलायचे आणि सगळ्यांदेखत कच्चीच खायचे. जो माणूस दुसऱ्याच्या घरचा चहा यजमानाने घोट घेतल्याशिवाय पीत नसे, तो न धुतलेली भेंडी कराकरा चावत होता.

मंदाबाई बघत होती. दोन-चार गिऱ्हाइकं आली, ओळखीची पूजाताई तर हट्टाने वांगी घेऊन गेली. मला वाटलं, जमेल. हळूहळू जमेल.

चौथ्या का पाचव्या संध्याकाळी एक गुजराती बाई स्कूटर थांबवून आली. तिने भेंडी निवडायला घेतली, शेंडे मोडून बघितले, पसंत पडली. पिशवी उघडता उघडता तिची नजर मामांकडे गेली. तिने पलीकडच्या भाजीवालीला विचारलं, "आ काका काची केम खाय छे?" कच्ची का खातायत हे?

भाजीवाली काय सांगणार? तिने खरं तेच सांगितलं. आधी हेच काका या भाजीत दवा आहे म्हणत होते, आता नाही म्हणतात, म्हणून खाऊन दाखवतात.

बाईने भेंडी परत टोपलीत ठेवली. एकेक करून, नीट ठेवली. जाताना म्हणाली, "आटलुं खाईने बताववुं पडे, तो कंई हशे ज ने." इतकं खाऊन दाखवावं लागतंय म्हणजे काहीतरी असणारच.

मामांनी मान वर केली. हे बोलणं त्यांना ओळखू आलं असणार, ते त्यांचंच होतं, धुतलेल्या पंपावरचं. मंदाबाई मोडलेल्या शेंड्यांची भेंडी बाजूला काढत होती. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही खरं बोलताय, मला पटलंय. माझ्या मनात राग बी राहिला न्हाई. पण तुम्ही हितं बसलात की लोकायला त्येच आठवतं. तुम्ही घरी जा. परत येऊ नका."

मामा उठले. हातात अर्धी खाल्लेली भेंडी होती. ती खावी तर लोक बघत होते, आणि टाकावी तरी लोक बघणारच होते.